दुधाची वडी

ठिपका नारिंगी होता, मोहरीएवढा, आणि काल तो नक्की नव्हता – की कालही होता, आणि आपण वडी दुसऱ्या बाजूने पाहिली होती?... युएचिनने वडी खिडकीपाशी नेली. बाकी सगळी हस्तिदंती, कडेला सुरीने कापल्याची खूण. सुनेने, पेइशानने, स्वतःच्या दुधाचा केलेला साबण. नातीचं अंगावरचं पिणं सुटलं तेव्हा फ्रीजरमध्ये उरलेल्या शेवटच्या पिशव्यांचा. इथे तैवानात, काओश्युंगमधल्या तरण्या आया हल्ली करतातच तसा. बारा वड्या झाल्या, अकरा वापरून संपल्या, आणि ही बारावी तीन महिने प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कपाटात, तिच्या ठेवणीतल्या बांगडीशेजारी. आज दुपारी सगळे जेवायला यायचे होते आणि पेइशान विचारणारच होती. त्यापेक्षा आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणून तिने फोन लावला.

"आई, कोंडून ठेवलीत तिला?" पेइशान हसायलाच लागली. "अहो, तेल आहे त्यात. या दमट हवेत खवट होणारच. साबण आहे तो, दागिना नाही."

"मग फेकू?"

"कशाला? ठिपका खरवडा आणि हात धुवा. फक्त जाळीवर निथळू द्या, पाण्यात बसवाल तर दोन दिवसांत लापशी."

"वास येतो का गं?"

"खवट?"

"नाही... दुधाचा."

"छे हो. फेस मऊ येतो, बस्स. तुम्हाला काय, साय हवी होती?"

ठिपका खरवडला गेला. पण नळाखाली हात नेववेना, आणि का नेववेना हे तिला पक्कं माहीत होतं – रेडिओच्या कारखान्यात, मुलाला, च्याहाओला, चाळीस दिवसांचा करून गावी आईकडे ठेवून आल्यावर, सरकत्या पट्ट्यावर काम करता करता छाती भरून यायची, मग संडासातल्या बेसिनवर वाकून पिळायचं, शेजारच्या पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडून... पांढरं पाणी गरगरत खाली जायचं आणि ती डोळे वर छताकडे लावून उभी. अडतीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. मी दूध सांडणारी बाई. पेइशानला कळलं असतं तर तिने मला वडी दिली असती? लाज वाटत होती, आणि सुनेचा थोडा हेवाही, दोन्ही एकदमच.

वडी ओल्या तळव्यांत फिरली. फेस उशिरा आला, बारीक, दाट, आणि बोटं एकमेकांवरून इतकी हलकेच सरकली की ती पाहतच राहिली. नाक जवळ नेलं – ऑलिव्हच्या तेलाचा पुसट वास, बाकी काही नाही. पुन्हा नेलं.

आणि आपल्याला कसा वास होता?... बेसिनपाशी कधी घेतलाच नव्हता, डोळेसुद्धा वर. पण त्याआधीचे चाळीस दिवस होतेच की, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, आलं घालून तिळाच्या तेलात शिजवलेली कोंबडी खाऊन, च्याहाओ चुरूचुरू पीत असताना, त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून गळ्याच्या वळीत ओघळलेलं... ते दिवस तिने आजवर हिशेबात धरलेच नव्हते. गोडसर? आंबूस? त्या आल्याचा दर्प उतरला असेल का त्यात? फेस मनगटांवर वाळून कातडी ताणायला लागला तरी नळ सोडायचं तिला सुचेना; डोळे मिटून ती त्याची ती वळी शोधत राहिली, आणि कुणी आत्ताच येऊन बेल वाजवू नये असं तिला फार फार वाटलं.