उशाकडची चौकट

मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने बाकाचा एकेक गज वाजवून पाहिला. प्रत्येक वेळी कान जवळ नेला, आणि मग पुढच्या गजाकडे सरकले. अकरा गज होते. अकराव्यानंतर त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"काही नाही, ताई. एकही ढिला नाही."

"वारा सुटला की वाजतं," ती म्हणाली.

"मग वाऱ्यालाच बोलवायला हवं. बाक मोडला म्हणणारी गिऱ्हाइकं पाहिली, गंजला म्हणणारी पाहिली. वाजतो म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

ती हसली नाही. मिस्त्रींची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला त्यांनी पायांखाली रबराचे तुकडे बसवले, दुसरीला फळ्यांचे नट आवळले. दोन्ही वेळा ते सकाळी आले होते आणि सकाळी वारा नसे. तो चारच्या सुमाराला भिंतीवरून बागेत उतरायचा.

तीन महिन्यांपूर्वी हा बाक म्हणजे सासूबाईंचा पलंग होता. उशाकडची चौकट बाकाची पाठ झाली, पायथ्याकडची मधोमध कापून दोन हात झाले आणि बाजूच्या पट्ट्यांवर लाकडी फळ्या बसल्या. वरून गडद हिरवा रंग. ती भंगारवाल्याला बोलावणार होती. तेव्हा नवऱ्याचा आवाज चढला होता, एरवी कधी चढत नसे. "आईचा पलंग वजनावर घालायचा नाही," तो म्हणाला. मिस्त्री त्यानेच शोधले, कागदावर मापांसकट आकृती त्यानेच काढून दिली. येणारे-जाणारे बाकाचं कौतुक करत. रोज सकाळी तो ओल्या फडक्याने बाक पुसून घ्यायचा. त्यावर बसलेलं मात्र तिने त्याला अजून पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींचा अंगठा पाठीच्या डाव्या खांबावरून खाली येता येता थांबला.

"इथे रंग सपाट बसला नाही. घासलं होतं मी भरपूर, पण लोखंडालाच खळगे पडलेत. बारीक बारीक. कशाचे हे?"

"जुना होता," ती म्हणाली.

ते चमच्याचे होते. झटका आला तेव्हा सासूबाईंची वाचा गेली, उजवं अंग गेलं. डावा हात राहिला. हातातून पडला तरी सापडावा म्हणून स्टीलचा चमचा सुतळीने खांबाला बांधून ठेवला होता. तीन ठोके म्हणजे ये. कधी पाणी हवं असायचं, कधी भांडं, कधी कूस बदलायची असायची. कधी काहीच नको असायचं, नुसतं ये. असं दीड वर्ष.

त्या दुपारी तिने नुकतीच पाठ टेकली होती. सकाळपासून नवव्यांदा तीन ठोके पडले. "पाच मिनिटं," ती भिंतीला म्हणाली. पुन्हा तीन पडले. तिने उशी कानावर ओढली. मग बऱ्याच वेळाने एकच पडला. नंतर शांत झालं आणि त्या शांततेत तिला झोप लागली, चांगली गाढ. साडेचारला ती चहा घेऊन गेली, तेव्हा चमचा सुतळीला लोंबत होता.

"झोपेतच गेल्या," तिने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. नवऱ्याने तेच वाक्य उचललं आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जसंच्या तसं ऐकवलं. तिने फोन केला आणि तो ऑफिसातून धावत आला होता, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या डॉक्टरांच्याही आधी. एका बुटाची नाडी सुटून लोंबत होती. "पोरगा असावा तर असा," त्याची आत्या दहा दिवस जमलेल्या बायकांना सांगत होती. "नाडी बांधायचं भान नव्हतं लेकराला."

बाक बागेत आला, आणि पहिल्याच आठवड्यात, वारा सुटल्यावर, तिने ते ऐकलं. तीन. तीन. मग थांबून एक. कैरी चिरता चिरता सुरी तशीच धरून ती ओट्याशी उभी राहिली होती. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, की बाक वाजतो. कसा वाजतो, ते सांगितलं नाही.

"मला नाही ऐकू येत," तो वर्तमानपत्रामागून म्हणायचा. "कान तपासून घे एकदा."

"असं करू," मिस्त्री आता म्हणाले. "वाजतं कसं, ते तुम्ही वाजवून दाखवा. खुळखुळ वेगळी, टकटक वेगळी. आवाज कळला की जागा कळते. डॉक्टर नाही का विचारत, ठणकतंय की टोचतंय?"

त्यांनी हातोडी पुढे केली. तिने ती घेतली, खांबाजवळ नेली. हात तिथेच राहिला.

"मला नाही जमणार."

"अहो, त्यात जमायचं काय? गाणं थोडंच म्हणायचंय."

तेवढ्यात नवरा चहाचा ट्रे घेऊन मागच्या दाराने बाहेर आला. सुट्टी होती, दुपारचा चहा त्याने केला होता. ट्रे त्याने कठड्यावर ठेवला.

"काय अडलंय?"

"ताईंना आवाज काढून दाखवता येईना. तुम्ही ऐकलाय का, साहेब?"

"त्यांना ऐकू येत नाही," तिने परस्पर सांगितलं.

साखरेच्या भांड्यातला चमचा त्याने उचलला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि बाकापाशी आला. कुठे वाजवायचं, ते त्याने शोधलं नाही. रंगाखाली खळगे होते नेमकं तिथेच चमचा टेकवला आणि वाजवला. तीन. जरा थांबून पुन्हा तीन.

मिस्त्री बोलायला गेले. त्याने डावा हात वर करून त्यांना थांबवलं. कपांवरची वाफ कमी झाली. भिंतीपलीकडून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो खांबाकडेच पाहत होता.

मग त्याने एक ठोका दिला. आधीच्यांपेक्षा हलका.

तिने हातोडी खाली ठेवली. तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. पायांत घरातल्या चपला होत्या.

"डॉक्टरांच्या आधी आला होतात तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"ऑफिसातून तास लागतो."

"दारापर्यंत आलो होतो," तो चमचा बोटांत फिरवत म्हणाला.

"सापडलं!" मिस्त्री म्हणाले. ते गुडघ्यांवर बसून खांबात बोट खुपसत होते. "हे आतलं आहे. खांब पोकळ, वरच्या गजाचं टोक आत मोकळं राहिलंय. बाहेरून दिसायचं नाही. एक टाका मारला की कायमचं गप्प." त्यांनी वेल्डिंगची काच कपाळावर चढवली. "मारू?"

मिस्त्रींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चहा घ्या आधी," ती म्हणाली. "निवतोय."

"आणि टाका?"

"आज राहू द्या."

"घ्या! तीन खेपा घातल्या, आता सापडलं तर म्हणे राहू द्या." काच उतरवून त्यांनी कप उचलला. "नंतर बोलावलंत तर चहासोबत खायलाही लागेल, सांगून ठेवतो." कप हातात घेऊनच ते वायर गुंडाळायला दाराकडे गेले.

ती बाकाच्या उजव्या टोकाला बसली. फळ्या उन्हाने तापल्या होत्या. तो अजून उभाच होता, चमचा हातात धरून.

"बसा," ती म्हणाली.

तो डाव्या टोकाला बसला, अगदी कडेला, पाठ न टेकता. दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा राहिली. चार वाजत आले होते. भिंतीवरच्या वेलाचा शेंडा एकदा हलला, थांबला, आणि पुन्हा हलला.