तासाला वीस नोंदी

भाग्येश गेली अकरा वर्षं एका कामातून सुटायच्या बेतात होता.

मूळचा तो वाशीमचा. नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात, राहायला बोईसरला. एका रविवारी तो जवळच्या दांडी गावात बोंबील घ्यायला गेला, तर खाडीच्या तोंडाशी सहा होड्या पाण्याची वाट बघत ताटकळलेल्या. छापील वेळापत्रकातली भरती दांडीच्या खाडीला लागू पडत नाही, एवढंच कोणीतरी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "याचं एक ॲप करता येईल." काही वाक्यं माणसाने गिळायला शिकावं. त्याने ते गिळलं नाही.

ॲप झालं. होडी कधी आत येईल, कधी बाहेर पडेल, ते सांगू लागलं. सुरुवातीला चुकीचं सांगायचं. मग मच्छीमार चूक कळवायचे, भाग्येश सुधारायचा. हा सगळा पसारा, म्हणजे ॲपचा कोड आणि लोकांच्या तक्रारी, त्याने कोडमहाल नावाच्या परदेशी कंपनीकडे ठेवला. तिचा धंदाच तो: जगाने कोड लिहावा, कंपनीने सांभाळावा. "फुकट आहे," असं तेव्हा गावच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत भाग्येशनेच सांगितलं होतं. हे इतिवृत्तात आहे आणि वामनकाका ते कोणाला विसरू देत नाहीत.

वामनकाका सोसायटीचे चेअरमन. कोडमहालात गावाचं खातं एकच, त्यांच्या नावाचं. सगळं गाव त्यातूनच लिहायचं. त्रेचाळीस होड्यांवरून एकाच वेळी तक्रार करणारा हा इसम पाहून कंपनीने त्यांना 'अथक योगदानकर्ता' असं मानचिन्ह दिलं. ते त्यांनी छापून, चौकट करून लावलं आहे.

यंदा मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं. सुरुवात 'आनंदाची बातमी' अशी होती, त्यामुळे भाग्येश लगेच खुर्चीत बसला. फुकट योजना बंद. यापुढे माणशी दरमहा भाडं. नको असेल तर कोड खुशाल घेऊन जा, तो तुमचाच आहे. तक्रारींच्या नोंदी मात्र एकगठ्ठा न्यायच्या तर त्यासाठी वरची, महागडी योजना घ्या.

घोळ इथेच होता. कोडात जागोजागी लिहिलं होतं, 'तेरा मिनिटं वजा. कारण: नोंद २१२.' 'अमावस्येला ही वाट धरू नये. कारण: नोंद ८०४.' अशा एकोणीसशे नोंदी. कोड हातात आणि कारणं कंपनीच्या कुलपात, म्हणजे उद्या गाळ सरकला की कोणता आकडा कशासाठी होता हे कोणालाही कळणार नाही. मग होडी रुतणार, आणि फोन भाग्येशला येणार.

यावर तीन बैठका झाल्या. पहिलीला कोरम नव्हता, दुसरीला वीज नव्हती. तिसरीला वामनकाकांचा पुतण्या मेहुल उभा राहिला. पालघरला एका ऑफिसात तो कॉम्प्युटरचंच काम करतो.

"भाडं भरूया ना काका. त्यांच्याकडे सांभाळायला माणसं हायत. आपल्याकडे कोण हाय?"

सगळ्यांनी भाग्येशकडे पाहिलं. भाग्येशने पंख्याकडे पाहिलं.

"दुसरा मार्ग आहे," तो म्हणाला. "कोडमहाल जे करतं तेच करणारी खुली प्रणाली मिळते. आपल्या मशीनवर लावायची. तिचा कोड सगळ्यांना उघडा. उद्या बनवणाऱ्याने धंदा बंद केला तरी आपलं काम चालू राहतं."

"आनि कोडमहालाचा सोताचा कोड?" वामनकाकांनी विचारलं.

"तो बंद. कोणाला दाखवत नाहीत."

"म्हंजे खानावळ झाली. जगाला जेवू घालनार, पन मुदपाकखान्यात पाय ठेवू देनार नाय."

"तसंच."

"आनि ही खुली?"

"तिथे चूल, भांडी, पाककृती सगळं तुमच्या हवाली."

"आनि रांधायचं कोनी?" जमनाबाईंनी मागून विचारलं. त्या वामनकाकांच्या घरच्या. सोसायटीच्या ऑफिसच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. "भांडी घासायची कोनी?"

बैठकीत प्रथमच मुद्द्याचं कोणी बोललं होतं.

"खुंटांसारखं करू," शेवटी वामनकाका म्हणाले. दरवर्षी पावसाळा सरला की खाडीच्या तोंडाशी नवे खुंट रोवतात, होड्यांना वाट कळावी म्हणून. खुंट सगळ्यांचे, म्हणून घरागणिक पाळी. "मशीनची पन पाळी लावू. दर आठवड्याला एक घर."

भाग्येशच्या मानेवरून काहीतरी उतरलं. अकरा वर्षांत प्रथमच.

सोसायटीच्या ऑफिसात, बर्फ फोडायच्या यंत्राशेजारी, जुना कॉम्प्युटर बसवला. तोवर ऑगस्ट संपत आला होता. फुकट योजनेची मुदत कंपनीच्या देशातल्या शनिवारच्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे आपल्या रविवारी दुपारी साडेबारापर्यंत. वरच्या योजनेला बैठकीने हात जोडले होते, म्हणून नोंदी एकेक करून उतरवायच्या. कंपनी तासाला वीसच उतरवू द्यायची. बुधवारी सकाळी दहाला सुरू केलं. रविवारी नवाच्या सुमारास संपायला हवं होतं. घरच्या लॅपटॉपवर लावलं असतं तर शब्द न बोलता झालं असतं. पण मग ते पुन्हा भाग्येशचंच काम झालं असतं, आणि त्याला नेमकं तेच नको होतं. त्याने पाटी लिहिली, 'मशीन चालू आहे, हात लावू नये', आणि तीन दिवसांच्या डबल शिफ्टला निघून गेला.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, डोळ्यांत झोप घेऊन, तो दांडीला आला. जमनाबाईंनी ऑफिस उघडलं. कॉम्प्युटरला झेंडूचा हार होता. पडद्यावर हळदकुंकवाची पाच बोटं. समोर नारळाची अर्धी वाटी. मशीन बंद.

"जमनाबाई," तो हळू म्हणाला, "हे कधी बंद केलं?"

"काल सकाळी आठला. नारळी पुनव नाय का? होडीचं इंजिन बंद करून पुजतो, बर्फाचं यंत्र पुजतो, मग यालाच तेवढं राबवायचं? सनाला सगल्यांना विसावा."

"मी पाटी लावली होती. हात लावू नये म्हणून."

"हात कुटं लावला? बटन दाबलं."

भाग्येश बर्फाच्या यंत्रावर टेकला. रागवायला ताकद लागते, आणि ती कारखान्यात संपली होती. त्याने हार काढून बाजूला ठेवला, कुंकू पुसलं, मशीन सुरू केलं. नऊशे वीस नोंदी आल्या होत्या. रविवारी साडेबाराला कोडमहालचं दार लागलं तेव्हा तेराशे झाल्या. सहाशे आत राहिल्या.

बातमी ऐकून रविवारी दुपारी गाव जमलं. मेहुल म्हणाला, "भाडं भरलं असतं तर..." आणि वामनकाकांनी त्याला चहा आणायला पाठवलं.

"गेल्या कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"मी जुन्यापासून उतरवत होतो. गेल्या तीन वर्षांच्या गेल्या."

"मंग रडता कशाला? जुन्या लिवनारे निम्मे वर गेले, त्यांचं तुमी वाचवलंत. तीन वर्षांतलं लिवनारे आमी इथंच बसलोय. घ्या लिवून."

लिहायला बसले. वाळूचा दांडा दक्षिणेला कधी सरकला यावर पाऊण तास गेला. तिघांनी तीन तारखा सांगितल्या, एकाने बहिणीच्या लग्नाचा दाखला दिला. आता खातं एक नव्हतं, ज्याचं म्हणणं त्याचं नाव. त्यामुळे 'हे मी बोललोच नव्हतो' म्हणायची सोय संपली आणि भांडणाला जोर आला. चार वाजेपर्यंत बावीस नोंदी झाल्या. कोडमहालापेक्षाही हळू.

भिंतीवर पाळीचा कागद लागला होता. भाग्येशने तो वरपासून खालपर्यंत वाचला. एक्कावन्न घरं. त्याचं नाव नव्हतं.

"माझं राहिलं," तो म्हणाला.

"पाळी घराला असते, भाऊ," जमनाबाई म्हणाल्या. "तुमचं घर बोईसरला. तुमी सुटलात."

अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं, बोंबलांच्या वासात, कोणी चहा ओतत असताना आलं. त्याला वाटलं होतं, आपण लगेच उठून गाडीला किक मारू. तो बसूनच राहिला. पाय दुखत होते, एवढंच कारण असावं.

"उठायच्या आधी माझी एक लिवा," जमनाबाई म्हणाल्या. "नारळी पुनवेला मशीन दिवसभर बंद राहील."

भाग्येशने नोंद १३२३ उघडली. नाव: जमना. प्रकार या रकान्याशी तो थांबला. "तक्रार लिहू की सूचना?"

"नेम लिवा."

असा प्रकार प्रणालीत नव्हता. कोडमहालात असतं तर विनंतीचं पत्र धाडून उत्तराची वाट बघावी लागली असती. इथे कोड उघडा होता. भाग्येशने सुस्कारा टाकला, चष्मा पुसला, आणि तिसरा प्रकार घालायला बसला. गावाने चहा मागवला.