सहा मीटरवर

बाबांचं डाइव्हिंगचं सामान चार निळ्या पिशव्यांतून परत आलं. प्रत्येक पिशवीला सील होतं आणि सीलवर आकडा. तपासनिसांनी त्या स्वतःच्या गाडीतून आणल्या आणि आमच्या डाइव्हिंगच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कॉम्प्रेसरच्या शेजारी, एकेक करून खाली ठेवल्या.

ज्या संस्थेचे नियम बाबांनी तीस वर्षं शिकवले, तीच संस्था त्यांच्या मृत्यूची चौकशी करत होती. तपासनीस वयाने बाबांच्याच बरोबरीचे. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येत होतं, म्हणून बोलताना ते मान किंचित वळवायचे.

"सामानात दोष नाही," ते म्हणाले. "सिलिंडरमध्ये लेबलवर लिहिलेलाच वायू होता. श्वास घ्यायचा रेग्युलेटर उत्तम. त्यांच्या फुप्फुसांत पाणी साचलं. साठीनंतर, थंड पाण्यात, होतं असं कधी कधी. पण हे एकदम होत नाही बहुतेक. आधी एकदा चाहूल लागते." त्यांनी बाबांचं लॉगबुक उघडलं. "ही मृत्यूच्या सोळा दिवस आधीची डाइव्ह. सहा मीटरवरून परत. कारणाच्या रकान्यात नुसती रेघ आहे."

"परतण्याचं कारण ते कुणाचंच लिहीत नसत," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. त्या दिवशी बोटीवर काही झालं होतं? कुणी काही बोललं?"

आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी लगेच काही लिहिलं नाही. चहा संपवला, फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "सही सावकाश करा. संध्याकाळपर्यंत मी धक्क्याजवळच्या लॉजवर आहे."

जमिनीवर अंगठा वर केला की झकास. पाण्याखाली त्याचा अर्थ वेगळा: डाइव्ह संपली, वर चला. नवशिका असो की तीस वर्षांचा उस्ताद, कुणीही, केव्हाही अंगठा वर करावा आणि बाकीच्यांनी निमूट वर निघावं. सत्तर मीटर खाली गेलेल्या माणसाला वाटेल तेव्हा वर येता येत नाही. ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत, रक्तात विरलेला वायू हळूहळू बाहेर सोडत, दीड-दोन तासांनी डोकं पाण्याबाहेर निघतं. म्हणून मागे फिरायचं तर सुरुवातीलाच. सहा मीटरवर सगळे एकदा थांबतात, एकमेकांचं सामान बघतात. बाबा त्याला शेवटचा उंबरा म्हणायचे.

पहिल्या तासाला ते सांगत, "अंगठा वर म्हणजे वर. का, कशाला, ते बोटीवर विचारायचं नाही. आणि थट्टा तर मुळीच नाही. आज हसलात, तर उद्या तो अंगठा वर करायला लाजेल."

एकदा अग्निशमन दलातला एक धिप्पाड जवान शिकायला आला होता. पाण्यात माशासारखा. जोडीदार अर्ध्यातून परतल्यावर तो एवढंच म्हणाला, "काय राव, फाटली का?" बाबांनी त्याला पास केलं नाही. त्याने खूप विनवण्या केल्या, बाबांबरोबर शिकवणारी मीही मध्ये पडले. बाबा म्हणाले, "पोहणं येतं त्याला. सोबत करणं येत नाही."

अर्ध्यातून परतलेल्या विद्यार्थ्याला मात्र ते एकटं सोडत नसत. दुकानामागे गोड्या पाण्याची सिमेंटची टाकी आहे, सामानावरचं मीठ धुवायला. तिथे ते त्याच्याबरोबर उभे राहायचे. दोघं मुकाट्याने नळ्या खळबळत असायचे. पंधरा मिनिटं जायची, कधी तासही जायचा. मग तो आपणहून बोलू लागे. कुणाचं घरी भांडण झालेलं असे, कुणाला रात्रभर झोप नसे, कुणाच्या छातीत दुखत असे.

दुपारी आईने पिशव्यांकडे बोट केलं. "हे असंच ठेवायचं? रबर तडकेल ना."

इतक्या वर्षांत आई टाकीकडे फिरकली नव्हती. 'तुमचा चिखल तुम्ही निस्तरा,' म्हणायची. आज तिने पदर खोचला आणि बाबांच्या उलट्या क्रेटवर बसली. मी सील तोडलं. सुकलेल्या मिठाचा पांढरा थर सगळ्यावर होता. तिने मास्क घेतला, मी रेग्युलेटर. दोघी खळबळत राहिलो.

"आई, बाबा त्या दिवशी अर्ध्यातून परत आले ना, तेव्हा मी त्यांची थट्टा केली. सगळ्यांसमोर. ते शिडी चढत होते, खोकत होते. मी म्हटलं, बाबा, आता तुम्ही काठावर बसून आमचे कपडे सांभाळा."

बोटवाले काका हसले होते, दोन्ही विद्यार्थी हसले होते. बाबाही हसले. त्या जवानाला एका वाक्यासाठी घरी पाठवणारा माणूस मला अवाक्षर बोलला नाही. आयुष्यात एवढा एकच नियम त्यांनी ढिला केला असेल. मला तेव्हा त्याचा आनंदच झाला. परत आल्यावर मी आत फॉर्म भरत बसले. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. ते टाकीपाशी एकटेच एक मास्क धूत होते, कितीतरी वेळ. मी उठले नाही.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"कसं?"

"घरी आल्या आल्या सांगितलं त्यांनी. लेक म्हणते, कपडे सांभाळा. मी म्हटलं, बरोबर बोलली, सांभाळा की. घरातलेही सांभाळा, वाळत घातलेत." तिने मास्क उलटा करून पाणी ओतलं. "मीही हसले गं. मग मोरीत खोकत होते. विचारलं, तर म्हणाले, नाकात पाणी गेलं. म्हटलं, पाण्यातल्या माणसाच्या नाकात पाणीच जाणार."

तिचे हात पाण्यात तसेच राहिले.

इथवर आल्यावर पुढचं दडवण्यात अर्थ नव्हता. शेवटच्या दिवशीही ते सहा मीटरवर थांबले होते. सामान बघून झालं, तरी थांबले. त्यांचा श्वास भरभर चालला होता. बुडबुड्यांवरून ते कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात छातीजवळ होता, मूठ मिटलेली, अंगठा आत. तीन श्वास असतील, फार तर चार. मग मूठ वळली आणि अंगठा खाली झाला. खाली चला. मी मान हलवली. परतताना नऊ मीटरच्या थांब्यावर त्यांच्या तोंडातून रेग्युलेटर सुटला, तेव्हा त्यांना धरणारी मीच होते.

आईने सगळं ऐकून घेतलं. तिला आमच्या विद्येतलं ओ की ठो कळत नाही, असं बाबा नेहमी म्हणत.

"तो अंगठा," तिने विचारलं, "ज्याचा तोच करतो की दुसऱ्यालाही करता येतो?"

"कुणालाही येतो."

"म्हणजे तुलाही."

"हो."

"मग?"

या प्रश्नापाशी मी दोन महिने रोज येत होते आणि रोज मागे फिरत होते.

"मला वाटलं, मी वर चला म्हटलं तर त्यांना परत थट्टा वाटेल."

आईने माझ्या हातातला रेग्युलेटर घेतला आणि मी धुतलेला तो पुन्हा धुवायला लागली. तिचे खांदे हलत होते. मी तिच्याजवळ जायला हवं होतं. मी नळ बंद केला आणि आत जाऊन लॉजवर फोन लावला.

"त्या रेघेच्या जागी लिहायचं आहे," मी म्हणाले. "सोळा दिवस आधीचंही आणि त्या दिवशीचंही."

पलीकडे खरखर झाली. बहुधा त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अहवालात नाव, नातं काही येत नाही. 'सहकारी प्रशिक्षक' एवढंच."

"पण तो सगळ्या प्रशिक्षकांना जातो ना?"

"सगळ्यांना जातो."

"मग या."

ते आले तेव्हा आई क्रेटवरच होती, डोळे पुसलेले. सकाळी का नाही सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. फॉर्म खिडकीत ठेवून वर दगड ठेवला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, चौथी पिशवी फोडली आणि आतलं दोरीचं रीळ पाण्यात बुडवून माझ्याशेजारी उभे राहिले. त्यांचा ऐकू येणारा कान माझ्या बाजूला होता.

थोड्या वेळाने मी सांगायला सुरुवात केली.