बारीक जाळी

धाकटीने पाच दिवसांच्या यंत्रवेळेचा अर्ज टेबलावर सरकवला. संगणककक्ष सांभाळणाऱ्या काकांनी तो वाचून चष्मा कपाळावर चढवला.

“हीच गणना परत कशाला, मॅडम? थोरल्या मॅडमनी केली होती की तीन वर्षांपूर्वी. अख्खं यंत्र अडवून ठेवलं होतं. बोलणी मी खाल्ली.”

“ती वेगळी असेल, काका.”

“एवढी बारीक जाळी दुसरं कोण मागतंय?” असे म्हणत त्यांनी जुन्या साठवणीतली फाइल शोधून पडद्यावर आणली.

विभागात दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाचा नाद धाकटीला थोरलीनेच लावला होता. तापात कपाळावर पट्ट्याही तिनेच ठेवल्या होत्या. दोघींच्या नावावरचा एक निबंध बराच गाजला होता. संगणकात सूर्याभोवतीची जागा लहान घरांच्या जाळीत वाटायची आणि घरागणिक वायू किती तापतो, किती वर चढतो ते काढायचे, असे ते काम. त्यांच्या जाळीत वरचा वायू विरळ निघाला, अगदी दुर्बिणीला दिसतो तसा. त्या निबंधावर थोरली नोकरीत कायम झाली, आणि धाकटीने त्यावरच आपला प्रबंध उभा केला.

पण तळाशी एक पातळ थर असतो. तिथे तापमान हजारांतून एकदम लाखांत जाते. जाळीची घरे त्या थराहून मोठी असली, तर वरून येणारी उष्णता त्याला ओलांडून पुढे जाते आणि खालचा वायू हवा तेवढा वर उठतच नाही. ही शंका धाकटीला गेल्या आठवड्यात आली होती.

पडद्यावर उत्तर होते. बारीक जाळीत वायू अडीच पट दाट होता. विरळपणा सूर्याचा नव्हताच. त्यांच्या जाळीचा होता.

“पाणी देऊ का?” काकांनी विचारले.

दोघींच्या खोलीत थोरली उत्तरपत्रिका तपासत होती. धाकटीने छापून आणलेला कागद त्यांच्यावर ठेवला.

“कधी सांगणार होतीस, ताई?”

थोरलीने लाल पेनाला टोपण घातले, काढले, पुन्हा घातले.

“वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. म्हणून पुन्हा केली.”

“मग?”

“तेच आलं.” ती खिडकीकडे बघत म्हणाली. “निबंध पाठवून झाला होता गं तोवर. तुझी शिष्यवृत्ती संपत आलेली. तुला कळलं असतं तर तू तो मागे घ्यायला लावला असतास. मी काय ओळखत नाही तुला?”

“ओळखतेस म्हणूनच बोलली नाहीस.”

धाकटी आपल्या टेबलाशी जाऊन बसली. प्रबंधातली तीन प्रकरणे आता गेल्यात जमा होती. तिने फाइलवरची तारीख पुन्हा पाहिली: चौदा मार्च. निबंध बाराला गेला होता. ते दोन दिवस तिने मनात घट्ट धरले. पाठवताना तरी ताईला माहीत नव्हते. नंतर धीर झाला नसेल. होते माणसाचे असे.

तिने संपादकांना पत्र लिहायला घेतले. निष्कर्ष चुकीचा आहे, निबंध मागे घ्यावा. बारीक जाळीवरची गणना सहलेखिकेने केली. निबंध १२ मार्चला पाठवला होता, या गणनेचे उत्तर १४ मार्चला हाती आले. दोन्ही तारखा तिने मुद्दाम शेजारी शेजारी ठेवल्या. ताईचे एवढे तरी राखता येत होते.

“वाचून घे,” ती म्हणाली.

थोरलीने उभ्यानेच वाचले. मग वाकून कीबोर्ड ओढला आणि १४ खोडून ११ केले.

“चौदाला गणना संपली,” ती हळूच म्हणाली. “निम्म्यातच दिसलं होतं मला.”

धाकटी त्या आकड्याकडे बघत राहिली. बाराच्या सकाळी याच खोलीत थोरलीने तिला स्वतःच्या खुर्चीत बसवले होते. निबंध पाठवायचे बटण तूच दाब, असा हट्टच धरला होता.

“आता मी पाठवू?” थोरलीने विचारले.

धाकटी उठली. खुर्ची तिच्यासाठी मागे ओढून दिली.

“पाठवा, मॅडम.”