तुतीखालची जागा

"करवत आणलीत म्हणजे ठरवूनच आलात, भावोजी," वहिनी दारातूनच म्हणाल्या.

मी करवत भिंतीला टेकवली. भूकंपानंतर आठवडाभर डोंगरातली आमची सगळी मोजणी केंद्रं पालथी घालून अंग आंबलं होतं. सगळ्यात नकोसं काम शेवटी ठेवलं होतं.

दादाच्या अंगणात आमच्या खात्याचा सिमेंटचा खांब आहे, त्यावर अँटेना. ती उपग्रहांचे संदेश टिपते आणि जमीन किती सरकली ते आम्हाला मिलिमीटरमध्ये कळतं. तिला वर मोकळं आभाळ लागतं, आणि शेजारीच दादाने लावलेली तुती. "तुझा खांब की माझं झाड, बघू कोण पुरून उरतं," असं तो चिडवायचा. तो गेल्यापासून दरवर्षी फांद्या छाटून मी वेळ मारून नेत होतो.

"खांबच हलवा ना दुसरीकडे."

"मग जमीन किती सरकली आणि आपण खांब किती सरकवला, हे कसं कळणार? पानांमुळे आकडे नुसते नाचतायत. खालचे लोक तंबूत बसलेत, वहिनी. हा उतार सरकायचा थांबलाय की नाही, ते विचारतायत."

"भूकंपात आपण किती सरकलो?"

"दीड वीत."

"मला काहीच कसं कळलं नाही?"

"घर, झाड, विहीर, सगळं एकदमच सरकलं ना."

त्या झाडापाशी आल्या. "हे असते तर काय म्हणाले असते?"

"आधी माझ्याशी कडाकडा भांडला असता."

"आणि मग?"

"मग करवतीचं दुसरं टोक धरलं असतं."

वहिनींनी बाह्या वर केल्या आणि दुसरं टोक धरलं. झाड पडेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

चार दिवसांत आकडे स्वच्छ आले. उतार थांबला नव्हता, रोज थोडा थोडा खाली येत होता. मला रडूच आलं. साहेबांना कळवून मी तसाच वर गेलो.

वहिनी अंगणात खुर्ची टाकून भर उन्हात बसल्या होत्या.

"वहिनी, घर सोडावं लागेल. माझ्याकडे चला."

"म्हणजे झाडही गेलं आणि घरही," त्या डोळे बारीक करत म्हणाल्या. "येते हो. जरा बसू द्या. दुपारी इथंच बसायचो आम्ही दोघं."

मी दोन पावलं पुढे होऊन त्यांच्या आणि उन्हाच्या मधे उभा राहिलो.