सभ्य माणसाचं मत

मतपत्रिकेवर स्वतःच्या नावापुढे फुली मारणं असभ्यपणाचं, असं मानणारा वकील अख्ख्या कॅन्ससमध्ये एकच असेल, आणि तो नेमका माझ्याच पदरी पडला.

आमचे अँब्रोज टेनी शेतातून उठून गावात आले आणि एका म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत झाडलोट करता करता कायदा शिकले. ते बोलायला उभे राहिले की डुकराच्या खटल्यालाही कोर्ट भरायचं. पण विधानसभेला दोनदा आपटले, दोन्ही वेळा चौकातल्याच जॅस्पर हॉलब्रुक वकिलाकडून. १९१२ साली तर फक्त एका मताने. मी हळहळत होते आणि हे शांतपणे कॉफी ढवळत म्हणाले, "माझं मत मी जॅस्परलाच दिलं. मागच्या वेळीही. रीत असते."

"आणि जॅस्परनं?"

"स्वतःला. तसं तो म्हणाला मला."

म्हणजे यांनी आपलं मत आपल्याला दिलं असतं तर हेच एका मताने आले असते! दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही.

१९१४ ला पुन्हा तेच दोघे. हे म्हणाले, "आता शेवटचं. हरलो तर नाद सोडला." खेड्यातल्या शाळा नऊ महिने चालाव्यात, हा यांचा ध्यास, स्वतः फक्त हिवाळ्यात शिकलेले ना! या खेपेला विधानसभेसाठी आम्हा बायकांनाही पहिल्यांदाच मत होतं. मी बग्गी जुंपून दारोदार हिंडले, आणि घरोघरी इतका केक खाल्ला की कमरेचे बंद तुटायची वेळ आली.

मतदानाच्या सकाळी मी म्हटलं, "आज तरी स्वतःला द्या."

"सवय मोडत नाही गं, मिनर्व्हा."

"मग माझं मत तुमचं पाप धुण्यातच जायचं."

"जाऊ दे की," म्हणाले आणि हॅट घालून निघाले. असा राग आला, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टाबाहेरच्या फळ्यावर खडूने निकाल लिहिला. टेनी, एका मताने! लोकांनी यांना खांद्यावर घेतलं, हॅट चिखलात गेली, आणि मी रडत होते की हसत, माझं मलाच कळेना.

तेवढ्यात जॅस्परची बायको लव्हिनिया तडक माझ्याकडे आली. मी बाह्या सरसावायच्या तयारीत. तर ती कानाशी लागून म्हणाली, "टेनीबाई, कुठे बोलू नका हं. तुमच्या यजमानांनी आमच्या घराला तीनदा मत दिलं, आमचे हे सगळ्यांना सांगून हसतात. आमच्या घरातून एकही मत परत जाऊ नये? मला तर शरम वाटायला लागली होती."

मी तिला भर चौकात मिठी मारली. पलीकडे जॅस्पर आमच्या यांचा हात हातात घेऊन म्हणत होता, "एका मताने रे, अँब्रोज! आमच्यातला कोण फितूर झाला, देव जाणे."

"अहो," लव्हिनियाने हाक मारली, "चला, जेवण निवतंय."