फाशीच्या निकालापुढे मी वाजलो

मी घुंगरांचा पट्टा बोलतोय. बोलतोय कसला, खणखणतोय! हळू बोलणं मला जन्मात जमलं नाही, तेव्हा कानांना त्रास झाला तर सांभाळून घ्या.

धडगावच्या वरच्या डोंगरात गुलाबसिंग पावरा नावाचा माणूस होता. त्याने मुठीएवढे पितळी घुंगरू जमवले, जाड चामड्यात ओवले, आणि मी झालो. होळीच्या आधी जो पालनी धरतो, म्हणजे होळीचं व्रत घेतो, त्याच्या कमरेला मला बांधतात. असा माणूस अंगाला राख फासतो, आंघोळ करत नाही, खाटेवर निजत नाही. आणि आमच्या पाड्यात एकदा मला बांधलं की होळी पेटेपर्यंत सोडत नाहीत. झोपेत त्याने कूस बदलली तरी अख्खा पाडा जागा होतो. बायका मला शिव्या घालतात, पण हसत हसत.

गुलाबसिंगमागून मी त्याच्या मुलाकडे, आमशाकडे आलो. मी असा बडबड्या आणि आमशा घुम्या. त्याची बायको कालीबाई म्हणायची, "देवाने याची जीभ याच्या कमरेला बांधली." आमची जोडी मोठी झकास जमली होती.

एका वर्षी पालनी सुरू असताना आम्ही मोलगीच्या बाजारात गेलो. तिथे तापीकाठचा व्यापारी बन्सीलाल चारोळी घेत होता. आमशाला त्याचं माप खोटं वाटलं. दोन शब्द इकडून, दोन तिकडून, झालं. त्याच संध्याकाळी परतताना घाटात कुणीतरी बन्सीलाल आणि त्याच्या मुलाचा खून केला. सोबतचा मुनीम नवनीत तेवढा वाचला. मारणारा राख फासलेला होता, असं त्याने सांगितलं. आता होळीच्या दिवसांत आमच्या डोंगरात राख फासलेले पुरुष पावलोपावली भेटतात! पण सपाटीवरच्या डोळ्यांना आमचा एक चेहरा दुसऱ्यापासून वेगळा दिसतच नाही. बाजारात भांडला तो आमशा, म्हणून धरला तो आमशा.

पोलिसांबरोबर तो मुकाट चालत गेला. पट्टा काढ म्हटल्यावर मात्र तो वाघासारखा उलटला. होळी व्हायची होती हो अजून! शेवटी चौघांनी त्याला दाबून धरलं आणि माझं चामडं कापलं. आरोपी हिंसक आहे, असं मग सगळीकडे सांगितलं गेलं. मला पोत्यात घालून, तोंड शिवून, मुद्देमालाच्या खोलीत दारूच्या कॅनशेजारी टाकलं. माझ्यासारख्याला याहून मोठी शिक्षा नाही.

खटला चालला तो मराठीत. आमशाला येते पावरी. दुभाष्या कुणी दिला नाही. त्यात आमशाने एक चूक केली, आमचाच माणूस करील अशी. आमच्याकडे भांडण पंचांपुढे गेलं की ज्याच्यावर आळ आहे तो मान खाली घालून बसतो, आणि त्याच्या कुळातले म्हातारे त्याच्यासाठी बोलतात. स्वतःच उठून स्वतःची बाजू मांडणारा बेशरम ठरतो. आमशा रीतीने मान घालून बसला. त्याचा काका उदेसिंग आणि इतर म्हातारे फाटकाबाहेर झाडाखाली बसले होते, आत कधी बोलावतात याची वाट बघत. त्यांना कुणी बोलावलंच नाही. आरोपीला पश्चात्तापाचा लवलेश नाही, असं कोर्टाने मानलं आणि त्याला फाशी सुनावली. मी टेबलावर पोत्यात होतो. त्या दिवसाइतकी स्वतःची कीव मला कधी आली नाही.

फाशीचा निकाल कायम होण्याआधी मोठ्या कोर्टात जातो. तिथे आमशाची वकील झाली रविना. धडगावकडचीच पोर, वकिलीचं शिकलेली. ती तुरुंगात गेली आणि आमशाशी पावरीत बोलली. हे बोलणं मला पुढे आमशाच्याच तोंडून कळलं, तुमच्यासाठी मराठीत सांगतो.

"काका, त्या दिवशी तू पालनीत होतास ना? मग पट्टा कुठे होता?"

"कमरेला. आणखी कुठे असणार?"

"मग हे कोर्टात का नाही सांगितलंस?"

"आपली माणसं सांगतील म्हणून थांबलो, बेटी. आपल्याच तोंडाने कसं सांगायचं?"

रविनाला हसावं की रडावं कळेना.

मोठ्या कोर्टात तिने मला मागवलं. पोतं उसवलं, उजेड दिसला. ती म्हणाली, "साहेब, नवनीतची साक्ष आहे की मारणारा मागून आला, पण पाचोळासुद्धा वाजला नाही. आणि पोलिसांचीच साक्ष आहे की हा पट्टा काढायला चार माणसं लागली. व्रत मोडेल म्हणून जो पोलिसांना पट्टा काढू देत नाही, तो खुनासाठी काढून ठेवील का? आणि पट्टा कमरेला असताना त्याची चाहूल लागणार नाही का? आता हा पट्टा ऐका."

तिने माझी दोन्ही टोकं धरली आणि फक्त एक पाऊल टाकलं.

मी वाजलो! असा वाजलो की कोपऱ्यात डुलक्या घेणारा शिपाई ताडकन उभा राहिला. न्यायाधीशांनी हात वर केला, "पुरे, पुरे." तरी मी थोडा वेळ वाजतच राहिलो. पोत्यातलं किती साचलं होतं!

फाशी रद्द झाली. आमशा निर्दोष सुटला. ज्याला न्याय द्यायचा त्याला त्याच्या भाषेत विचारा, असंही न्यायाधीशांनी बजावलं.

बाहेर बन्सीलालची बायको सरलाबाई उभी होती. तापीकाठच्या कोरीटहून आली होती. कालीबाई तिला पाहून घाबरली, पण सरलाबाईने तिचा हात धरला आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "मन्हा धनी गया, पोऱ्या गया. तुन्हा धनीले लटकाडीसन त्या परत येतीन का, बहीन? मी ते म्हनस, खरा मानूस सोधा." कालीबाईला अर्धंच कळलं. तिने हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

यंदाच्या होळीला उदेसिंगने मला नवं चामडं लावलं. पंच, म्हातारे, सगळा पाडा जमला होता. कुणीतरी ओरडलं, "खरा मारणारा सापडला की त्याला लटकवा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा आमशा उठला. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. भर पंचांत तो आपल्या तोंडाने बोलला.

"सापडू दे. कोंडा त्याला. पण दोर नको. फाशीच्या कोठडीत मी राहिलोय. दाराशी पाऊल वाजलं की माणूस रोज मरतो. आणि पुन्हा चूक झाली तर?"

कुणी त्याला बेशरम म्हटलं नाही. उदेसिंगने डोळे पुसले आणि ढोलावर टिपरी टाकली.

माझं मागणं एवढंच आहे: गप्प बसलेल्या माणसाला आधी त्याच्या बोलीत विचारा, आणि जो जीव परत देता येत नाही तो घेऊ नका. आता येतो. आमशा नाचायला लागलाय.